मायची उतरंड

बसा, पाव्हणे. लाइट आता गेली म्हणजे जेवणं होईस्तोवर यायची न्हाई, तवर हा कंदील हायच. जमिनीचे हादरे मोजायची ती तुमची मशीन इथंच वट्यावर बॅटरीवर चालू राहू द्या, उद्या शाळेत बसवा. पण आज तुमी आमच्या मधल्या खोलीत झोपणार, आणि त्या खोलीत कोपऱ्यात एक भांड्यांची उतरंड लावलेली हाय. तिला हात लावू नका. काहून, ते सांगतो. आशा भाकरी थापून राहिली, तोवर आपल्यापाशी वेळ हाय.

गोष्ट सुरू झाली खलबत्त्यापासून. होळी होऊन गेली होती. आमची वैष्णवी सेनगावला दिलेली, पहिलटकरीण, तिला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. आशानं डिंक, खोबरं, खारका आणून ठेवल्या आणि दिवेलागणीला मला म्हणली, "घरात जाऊन तेवढा खलबत्ता घेऊन या." एवढंच काम. तुमी म्हणाल, खलबत्ता आणायला काय वाघ मारायचा हाय का. पण तवा आमी घरात राहत नव्हतो. त्या लिंबाखाली पत्र्याचं शेड होतं, तिथं आमचा संसार. भूकंप झाल्यावर सारं गाव काही रोज बाहेर झोपलं आणि मंग एकेक करून आत गेलं. आमी बी गेलो, पण थंडीत आमी दोघंच पुन्हा बाहेर आलो. कुणी विचारलं तर मी सांगायचो, आमची आशा लई भित्री हो, तिच्यापायी मला बी उघड्यावर पडावं लागतं. आशा नुसता पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं शरमती बिचारी.

मी काई भित्रा माणूस न्हाई. उभी जिंदगी एस. टी. चालवली. नांदेड रोडला समोरचं काई दिसंना अशा पावसात भरलेली गाडी कळमनुरीला आणून लावली, आणि खाली उतरून शांतपणी चहा पिलो. ते जाऊ द्या.

आमच्या इकडं जमीन बोलती, हे तुमाला सांगायला नको, त्याच्यापायीच तर आले तुमी. आधी नुसती गुडगुड व्हायची. लेकरं म्हणायची, जमिनीचं पोट बिघडलं. आमी हसायचो. मंग गेल्या पावसाळ्यात एका सकाळी चहाच्या टायमाला ती खरीच हालली. मी मागच्या खोलीत हळदीची पोती सरकवून राहिलो होतो. त्या खोलीची भिंत मातीची. ती आत आली, पोत्यांची थप्पी माझ्यावर आली, आणि आशाच्या बचत गटानं दळून ठेवलेल्या हळदीचं पोतं बराबर माझ्या तोंडावर फुटलं. डोळ्यात हळद, नाकात हळद, घशात हळद. छातीवर वजन. ओरडायला तोंड उघडलं की आणखी हळद आत. अंधार असा की डोळे उघडे का मिटले तेच कळंना. मी मनात म्हणलो, सटवाजी, गाडी आता शेवटच्या स्टॉपला लागली.

तवा आवाज आला. टिण्… टिण्… टिण्… कुणीतरी तांब्यावर चमचा वाजवून राहिलं होतं, आणि मधूनमधून मायचा आवाज, "सटवा, मी हाय रे. मी हाय." माझी माय तवा पार वाकलेली, काठीबिगर चालता यायचं न्हाई. लोक तिला ओढून राहिले होते, म्हातारे बाहेर चल, पुन्हा हालंल. ती म्हणली, "माझं पोरगं आत हाय. हालू दे." आणि पडल्या भिंतीपाशी बसून वाजवतच राहिली. तो आवाज बंद झाला असता तर मी तिथंच सोडून दिलं असतं, हे मी तुमाला खरं सांगतो.

शेजारच्या इब्राहीमनं पहारीनं भिंत काढली आणि मला पायाला धरून बाहेर ओढलं. इब्राहीम वेल्डिंगवाला, माझा लहानपणचा दोस्त. डोक्यापासून अंगठ्यापर्यंत मी पिवळा, आणि माझं तोंड पुसून मायचे बी हात पिवळे. तो बघत राहिला, आणि डोळ्यात पाणी असतानी म्हणला, "दुल्हेमियाँ, मुबारक हो." सारं गाव हसलं. मी बी हसलो. आजबी बाजारात लोक मला नवरदेव म्हणतात. पण त्या रोजापासून दार लावलं की माझा श्वास अडकायला लागला, आणि वरणातल्या हळदीचा वास आला की मी ताटावरून उठायचो. हसणारांना ते दिसत नव्हतं, आणि मी दाखवतही नव्हतो.

मायनं त्याच्यावर इलाज काढला. खाली परात उपडी, परातीवर डबा, डब्यावर तांब्या उपडा, तांब्यावर पेला, आणि पेल्यावर आडवा चमचा. जमीन जरा जरी हालली की सारं खाली येणार आणि मेलेला माणूस उठंल असा आवाज होणार. म्हणली, "तू झोप. वाजलं की मी उठवते." तिचं बघून साऱ्या गावानं उतरंडी लावल्या, आणि मंग काय विचारता. मांजर गेलं, पळा. ट्रॅक्टर गेला, पळा. एकदा इब्राहीमला शिंक आली तर त्याची बायको आणि पलीकडचं घर लेकराबाळासकट अंगणात. भूकंपापेक्षा आमी उतरंडींनीच जास्ती पळालो. पण झोप लागायची. मी चपला घालूनच खाटेवर पडायचो, आणि माय कुरकुरायची, "चपला काढ आधी, घरात देव हायेत." तिला दोन गोष्टींचा लई राग. एक घरात चपला, आणि दुसरी निजलेल्या लेकरापाशी भांड्याचा आवाज. वैष्णवी तान्ही असतानी तिनं दारात आलेल्या पोतराजाच्या हातातला आसूड काढून घेतला होता. म्हणली, "नात उठली तर तुला बसवीन पाळणा हालवायला."

थंडीत माय गेली. झोपेतच, काई तकलीफ न्हाई. सकाळी बघतो तर तिच्या उशाशी उतरंड जशीच्या तशी उभी. तेरावा झाल्यावर आशानं ती भांडी घासून मांडणीवर लावली, आणि त्याच दिवशी मी इब्राहीमकडून शेड उभं करून घेतलं. उठवणारं माणूस गेलं, आता आत झोपायचं कसं? पण असं गावाला सांगता येत न्हाई. म्हणून आशा भित्री.

हे सारं चाललं असतं बिनबोभाट. पण सेनगावहून विहीणबाईंचा फोन आला. म्हणली, "पत्र्याच्या शेडमधी बाळंतीण आणि तान्हं लेकरू? मी न्हाई पाठवायची. तुमी घरात राहायला गेले की कळवा." खोटं बोलत नव्हती, म्हणून मला जास्ती राग आला. मागून वैष्णवीच्या रडण्याचा आवाज येत होता. "बाबा, तुमी जा ना आत," एवढंच म्हणली. आशा त्या रात्री जेवली न्हाई. पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि माहेराचं दार माझ्यामुळं बंद. आशामुळं म्हणायचो मी, पण घास माझ्याच घशाखाली उतरत नव्हता.

तर असा मी त्या सांजेला खलबत्ता आणायला आत गेलो. श्वास रोखून, जसं विहिरीत बुडी मारतात तसा. स्वैपाकघरात जायचं तर मधल्या खोलीतून वाट. घर बंद असल्यानं कुबट वास. आणि त्याच्यात… हळदीचा वास. घरात हळद कुठली. मागची खोली पाडून आमी तिथं सिमेंटची भिंत घातली, एक हळकुंड शिल्लक ठेवलं न्हाई. मी म्हणलो, नाकात बसलाय जुना वास. कोपऱ्याकडं नजर गेली.

उतरंड लावलेली होती. परात, डबा, तांब्या, पेला. वर आडवा चमचा. आणि तो चमचा हळूहळू… डोलून राहिला होता. कुणीतरी आत्ताच ठेवून हात काढून घेतल्यावाणी.

मी शेडमधी कसा आलो ते मला ठाऊक न्हाई. आशा म्हणली, "खलबत्ता?"

"उंदीर," मी म्हणलो.

"उंदरानं नेला?"

ती स्वतःच गेली, खलबत्ता घेऊन आली आणि खोबरं कुटायला बसली. मी विचारलं, आत काई दिसलं का. म्हणली, "दिसली की उतरंड. तुमीच लावली ना?"

दुसऱ्या रोजी मी इब्राहीमला बोलावलं. तो बॅटरी, पहार आणि तोंडात पान घेऊन आला. उतरंडीभवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "सटवाभाऊ, घर बंद रहा तो चूहे बर्तनां से खेलतेच."

"चूहे उतरंड लगाते क्या?"

"आजकल के चूहे हुशार हाय," तो म्हणला. त्यानं स्वतःच्या हातानं सारी भांडी उतरवली, मांडणीवर लावली, कुलूप घातलं, आणि किल्ली माझ्या करदोट्याला बांधली. सांजेला आमी दोघं गेलो. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं. कोपऱ्यात उतरंड उभी. इब्राहीम पानाची पिचकारीसुद्धा न मारता बाहेर आला आणि म्हणला, "मेरेकू वो गेट का काम पडलाय." तवापासून तो आमच्या फाटकापाशी सायकल उभी करून तिथूनच बोलायचा, आणि सायकलवरून उतरायचा न्हाई.

मला आशाचा संशय आला. दिवसभर तिच्यावर नजर ठेवली. ती माझ्यापुढंच लाडू वळत बसलेली. शेवटी विचारलंच. म्हणली, "मला काय उद्योग न्हाईत? आत्याबाईच असतील. त्यांना रिकामं बसवत नव्हतंच."

"आणि माझ्या मेलेल्या मायची तुला भीती न्हाई वाटत?"

"त्यांची भीती मला त्या जित्या असतानी वाटायची. आता काय," ती म्हणली, आणि लाडवात वेलदोडा टाकला.

अशात गावात जीप आली. जिल्ह्याच्या दवाखान्यातून मनाच्या आजाराचं बघणारी पुनम मॅडम, भूकंपाच्या गावांत फिरून राहिली होती. वैष्णवीच्याच वयाची पोरगी. शाळेच्या वट्यावर बसून एकेकाला विचारायची, झोप लागते का, दचकता का. मी आशाला घेऊन गेलो. म्हणलो, "मॅडम, हिला बघा. हिच्यापायी नातवंड रस्त्यावर यायची पाळी आली."

मॅडमनं आशाला विचारलं, "मावशी, झोप?"

"लागती."

"जेवण?"

"गोड लागतं."

"घरात जायची भीती?"

आशानं माझ्याकडं बघितलं. मंग म्हणली, "मॅडम, मी कवाच आत गेले असते. हे एकले बाहेर कसे राहतील, म्हणून बसले हाय."

पुनम मॅडम माझ्याकडं वळली. भर दुपारी, उन्हाच्या कडाक्यात, माझ्या पायात लेस बांधलेले बूट, कमरेला बॅटरी आणि गळ्यात शिट्टी. "काका, हे कशाला?" ती म्हणली. मी म्हणलो, सवय हाय, डायवर होतो. ती हसली न्हाई. म्हणली, "डायवर शिट्टी वाजवत नाही काका, कंडक्टर वाजवतो."

मला लई राग आला. बायको अशी चारचौघांत बोलती म्हणजे काय. मी उठून शाळेच्या मागं गेलो आणि तिथं भिंतीला टेकून बसलो तर दम लागायला लागला. थोड्या वेळानं ती पोरगी आली आणि शेजारी मातीत बसली, चांगल्या कपड्यांनिशी. काईच विचारलं न्हाई तिनं. मीच बोलायला लागलो, आणि सुरू झालो तर थांबंना. हळद, अंधार, टिण् टिण्, माय गेली, उठवणारं कुणी राहिलं न्हाई, हे सारं. रडलो बी. जीपचा डायवर तिकडून हॉर्न मारून राहिला होता आणि तिनं त्याला हातानंच गप केलं.

"काका," ती म्हणली, "एवढं होऊनसुद्धा तुम्हाला काहीच वाटलं नसतं, तर मी जास्त काळजी केली असती. हा वेडेपणा नाही. तुमचं मन अजून तिथंच, पोत्यांखाली आहे. त्याला हळूहळू बाहेर आणू. एकदम ओढायचं नाही."

मंग मी उतरंडीचं बी सांगितलं. म्हणलो, आता लिहा वेडा म्हणून. ती म्हणली, "ती रोज लागते. मग काय करते?"

"काई न्हाई. उभी राहती."

"तुम्हाला त्रास देते?"

"न्हाई."

"मग राहू द्या. उद्यापासून उंबऱ्यावर बसून चहा प्या. दार सताड उघडं ठेवून. दम लागला की बाहेर या, कमी झाला की परत जा. पळून आलात तरी चालेल, फक्त परत जायचं."

पुढच्या खेपेला ती स्वतः घरी आली. मी उंबऱ्यावर चहा घेऊन, ती माझ्या शेजारी. मला म्हणत होती, श्वास सावकाश घ्या, पोटापर्यंत. तेवढ्यात आतून… टिण्. पुनम मॅडमच्या कपातला चहा तिच्या ओढणीवर.

"वारा असेल," ती म्हणली.

"वारा न्हाई, मॅडम. पान हालून राहिलं का लिंबाचं?"

तिनं लिंबाकडं बघितलं. "मग तुम्ही बसा, काका. छान चाललंय तुमचं. मी… मी जीपमध्ये आहे."

पण पुढल्या आठवड्यात ती आली. पुन्हा माझ्या शेजारी बसली, थोडी दाराच्या अलीकडं, पण बसली. चहाचा कप मातर खाली ठेवून. भिऊनसुद्धा परत येती, म्हणून मला त्या पोरीचा भरोसा वाटला. तिच्याच बोलण्यातलं ती करून दाखवत होती, हे माझ्या ध्यानात आलं.

असं करत मी आत सरकत गेलो. उंबऱ्यावरून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून मायच्या खाटेवर. किती वेळा पळालो त्याला गणती न्हाई. एकदा तर चहाची किटली हातात घेऊन पार इब्राहीमच्या दारापर्यंत गेलो, आणि त्यानं मुकाट्यानं तिच्यातला चहा कपात ओतून घेतला. आशा रोज दुधात चिमूट चिमूट हळद टाकायची, आज जरा, उद्या आणखी जरा. पहिल्यांदा ओकलो. मंग घोटभर पिलो. मंग पेलाभर. सगळ्यात अवघड काय गेलं सांगू का? चपला काढणं. अनवाणी माणसाला पळता येत न्हाई, असं डोक्यात बसलेलं. ज्या दुपारी मी चपला बाहेर काढून मायच्या खाटेवर आडवा झालो, त्या दुपारी उतरंडीवरचा चमचा एकदाच वाजला. भीती वाटायला पाहिजे होती. मला झोप लागली.

विहीणबाईंना फोन केला. ती बाई अशी की स्वतः तपासाला आली. गादी दाबून बघितली, भिंतीवर थापा मारल्या, मोरीत वाकून बघितलं. उतरंडीपाशी थांबली. "हे काय?"

"भूकंपासाठी," आशा म्हणली.

"शहाणे मायबाप हायेत तुझे," विहीणबाई फोनवर वैष्णवीला म्हणली. असं माझं कौतुक माझ्या लग्नातबी कुणी केलं नव्हतं.

वैष्णवी आली. मुलगी झाली, शिवकन्या नाव ठेवलं. पाळणा मधल्या खोलीतच टांगला, उतरंडीपासून चार हातांवर. उतरंड आता आमी लावायची गरजच नव्हती, आणि कोण लावतंय हे कुणी बोलतबी नव्हतं. सकाळी भांडी वापरायला घ्यायची, सांजेला ती तिथं असायची. माणसाला कशाचीबी सवय होती.

आता खरी गोष्ट ऐका.

श्रावणातली पहाट. आमी सारे गाढ झोपलेलो, मी अनवाणी. दारावर धाडधाड थापा पडल्या. "सटवाभाऊ… जिंदा हाय क्या? सटवाभाऊ…" इब्राहीमचा आवाज, आणि फाटकाच्या आतून. मी दार उघडलं. सारं गाव रस्त्यावर. कुणी गोधडी गुंडाळलेली, कुणी गॅसची टाकी काखेत धरलेली, एकाच्या खांद्यावर बोकड. सगळे माझ्याकडं बघून राहिलेले.

"काय झालं?" मी म्हणलो.

"काय झालं?" इब्राहीम म्हणला. "जमीन हाली ना. कित्ती जोर से हाली. मेरे घर के पत्रे सरके. शाळेची कवलं पडली. सब की उतरंडां गिरी… तुम सो रहे थे?"

आमच्या घरात खाटसुद्धा करकरली नव्हती. पाळण्याची दोरी हालली नव्हती. मी मागं वळलो. आत शिवकन्या मूठ गालाखाली घेऊन निजलेली. आणि कोपऱ्यात उतरंड… उभी. परात, डबा, तांब्या, पेला. वर आडवा चमचा, हालतबी नव्हता.

आशानं कंदील जवळ नेला. तांब्याच्या अंगावर बोटं उमटलेली होती. एका बाजूनं चार, आणि दुसऱ्या बाजूनं चार. दोन्ही हातांनी घट्ट धरून बसावं तशी. पिवळी. मी बोट लावून बघितलं. हळद होती, ओली.

आशानं डोळ्याला पदर लावला. "लेकरू उठू नये म्हणून धरून बसल्या आत्याबाई," ती म्हणली, अगदी हळू, तिला बी लेकरू उठवायचं नव्हतं.

तिला त्याचं कौतुक वाटलं. वैष्णवीला बी वाटलं. मला मातर, पाव्हणे, पायापासून घाम फुटला. तुमी मशीनवाले, तुमच्या ध्यानात येईल. ती उतरंड मला उठवायला लावलेली. जमीन हालली की वाजायची, म्हणून तर मी आत झोपतो. आणि आता ती वाजूच देईना. उद्या भिंत यायची वेळ आली, आणि लेकराची झोप मोडू नये म्हणून तिनं अशीच धरून ठेवली तर? आमाला कळणारच न्हाई. त्या पहाटे घर कशानं उभं राहिलं, तिनं धरलं का ते आपलं आपण राहिलं, हेबी मला कळलेलं न्हाई.

मी पुनम मॅडमला फोन लावला. सारं सांगितलं. तिनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "काका, त्या रात्री झोप कशी लागली?"

मी म्हणलो, "खरं सांगू? भूकंपाच्या आधीपासून तशी झोप लागली नव्हती."

"मग मी तेवढंच धरते," ती म्हणली. "बाकीचं तुम्ही तुमच्या आईशी बोला."

शेडकडं पाय वळले होते माझे, कबूल करतो. पण शेड कुठं राहिलंय. त्याचे पत्रे इब्राहीमनं कोंबड्यांच्या खुराड्याला नेले. आणि पोरगी आत, नात आत, मी एकला बाहेर बसून काय शिट्टी वाजवू? आतच झोपतो. भीती वाटती. भीती घेऊनच झोपतो, तिला बी उशाशी थोडी जागा देतो. सकाळी दोघं बी उठतो.

उद्या वैष्णवी लेकराला घेऊन सेनगावला चालली. म्हणून आज सांजेला मी उतरंडीपुढं हात जोडले. म्हणलो, "माय, उद्यापासून घरात निजलेलं लेकरू न्हाई. आता जमीन हालली तर वाजू दे बरं का. धरून ठेवू नको." उत्तर काई आलं न्हाई. ती जिती असतानीबी माझ्या बोलण्याला लगेच उत्तर देत नव्हती, आधी पान लावायची.

थांबा. ऐकलं का?

हां… तेच. चमच्याचा आवाज. तुमची मशीन बघा बरं, तिचा तो हिरवा दिवा. काई म्हणती का? न्हाई? जमीन हालली न्हाई म्हणता. आशा ही इथं बाहेरच्या चुलीपाशी. वैष्णवी लेकराला घेऊन तिकडं अंगणात. आत कुणीच न्हाई.

आता हे व्हय म्हणली, का मी बी तिचं लेकरूच हाय, धरूनच ठेवीन असं म्हणली, ते मला कळायला मार्ग न्हाई.

चला, भाकरी झाली. आशा आतच वाढती. कंदील मी धरतो, तुमी सावकाश या. आणि पाव्हणे, चपला इथंच काढा. माय रागावती.